सुरकुतलेल्या वाटाण्याच्या बाजूने

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाटाण्याच्या जनुकांवरील नव्या संशोधनाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने अर्धे पान वाटाण्याला दिले याचा मला मनापासून आनंद झाला, हे आधी सांगते. पण लेखात एकाच गोष्टीला तीन ठिकाणी ‘दुर्बळ जनुक’ म्हटले आहे, आणि एका ठिकाणी ‘सदोष’. सुरकुतलेला दाणा, बुटके रोप, पांढरे फूल या सगळ्यांना एकाच माळेत ओवून त्यांच्यावर हा शिक्का मारला आहे. त्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवेना.

मी एकतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी आला आणि दरवर्षी मी फळ्यावर तोच चौकोन काढला. उंच आणि बुटका, गोल आणि सुरकुतलेला, तीनास एक. आपल्या पाठ्यपुस्तकांतले शब्द ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’. शब्द परिभाषेतले आहेत, पण मुले ते परिभाषा म्हणून ऐकत नाहीत. अप्रभावी औषध म्हणजे गुण न येणारे औषध, अप्रभावी भाषण म्हणजे कुणाच्या मनाला न भिडलेले भाषण. तेव्हा अप्रभावी जनुक म्हणजे कुचकामी जनुक, हे मूल आपोआप समजून घेते. उत्तरपत्रिकांत ‘अप्रभावी म्हणजे कमजोर’ हे वाक्य मी इतक्या वेळा खोडले आहे की त्याची गणती नाही. पुढे एका मार्गदर्शक पुस्तकात तेच वाक्य छापील व्याख्या म्हणून सापडले, तेव्हा मुलांचा दोष नाही हे लक्षात आले.

मठातल्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने हा ‘अप्रभावी’साठीचा मूळ शब्द कसा वापरला होता ते पाहण्यासारखे आहे. 1866 साली छापलेल्या आपल्या निबंधात त्याने कारण देऊनच शब्द निवडला. ही लक्षणे संकरित रोपात मागे सरतात किंवा दिसेनाशी होतात आणि पुढच्या पिढीत जशीच्या तशी परत येतात, म्हणून त्यांना मागे सरणारी म्हणायचे. सबळ-दुर्बळाची गोष्ट त्यात कुठेच नाही. उलट ‘जशीच्या तशी’ यावर त्याचा सगळा भर आहे. एक पिढी दडून राहूनही लक्षण पातळ होत नाही, हाच तर त्याचा शोध. संकरित रोपांना आलेले 7324 दाणे मोजून त्याला 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले मिळाले. त्या 1850 दाण्यांवर गोलपणाची कसलीही छाया नव्हती.

आता माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, धडा संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, पण सुरकुती पडते कशाने?” मी म्हणाले, जनुकामुळे. ती म्हणाली, “हो, पण जनुक करते काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते कुणाकडेच नसेल अशी माझी समजूत होती. “ते अजून शोधायचे आहे,” असे सांगून मी पुस्तक मिटले. त्या वेळी उत्तर छापून येऊन दोन-तीन वर्षे झाली होती. इंग्लंडमधल्या नॉर्विच येथील जॉन इनेस संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1990 साली ते शोधून काढले होते. माझ्यापर्यंत ते पोहोचले निवृत्तीच्या उंबरठ्यावर, आणि तेही योगायोगाने. ती मुलगी आज कुठे आहे मला माहीत नाही. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या वाचकांसाठी ते उत्तर इथे लिहिते.

दाणा भरत असताना त्यात साखर येते आणि दाण्यातली एन्झाईम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, त्या साखरेचा स्टार्च करतात. स्टार्चच्या लांब साखळ्यांना फांद्या फोडणारे एक वेगळे एन्झाईम असते. सुरकुतलेल्या वाटाण्यात या एन्झाईमच्या जनुकात सुमारे 800 अक्षरांचा एक डीएनएचा तुकडा मधेच घुसलेला आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात ज्या उड्या मारणाऱ्या, म्हणजे डीएनएमधली जागा बदलणाऱ्या, जनुकांचा शोध लावला, त्यांच्याच जातकुळीतला हा तुकडा. त्यामुळे ते एन्झाईम तयार होत नाही, स्टार्च कमी बनतो आणि साखर तशीच साचत जाते. साखर पाणी ओढून घेते, म्हणून कोवळा दाणा फुगून टम्म होतो. वाळताना हे जादा पाणी निघून जाते, आतला गर आक्रसतो, पण साल मात्र फुगलेल्या दाण्याच्या मापाची राहते, आणि तिला चुण्या पडतात.

म्हणजे सुरकुती हा परिणामाचा परिणाम आहे. मुळात दाणा गोड आहे. बागायतीत कोवळे खायला पिकवतात ते वाटाण्याचे वाण बहुतांशी याच सुरकुतलेल्या दाण्यांचे. 2020 साली इंपीरियल कॉलेज लंडन आणि जॉन इनेस यांच्या संशोधकांनी दाखवले की सुरकुतलेल्या वाटाण्यातला स्टार्च हळू पचतो आणि तो खाल्ल्यावर रक्तातली साखर तुलनेने कमी वाढते. ज्याला आपण दुर्बळ म्हणून बाजूला सारतो, त्यासाठी आज शास्त्रज्ञ मुद्दाम वाण तयार करत आहेत.

निवृत्तीनंतर मी हे स्वतः पाहायचे ठरवले. माझ्याकडे एक जुना मायक्रोस्कोप आहे. गोल वाटाणा रात्रभर भिजवला, ब्लेडने त्याच्या डाळिंबीचा कागदासारखा पातळ काप घेतला, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात चुरला आणि आयोडीनचा थेंब सोडला. भिंगाखाली निळे-जांभळे लंबगोल कण दिसले, नदीतल्या गुळगुळीत गोट्यांसारखे, एकसंध. मग सुरकुतलेल्याचा काप घेतला. तिथे एकही गोटा धड नव्हता. प्रत्येक कण मधोमध चांदणीसारखा तडकलेला, काही तर तीन-चार तुकडे एकमेकांना चिकटून बसल्यासारखे. डोळा लावून मी किती वेळ बसले होते कळलेच नाही. वर्गातल्या मुलांनी तीस वर्षे दाण्याचे चित्र बाहेरून काढले आणि फरक आत एवढा ठळक होता. केंब्रिजच्या ग्रेगरी नावाच्या संशोधकाने हा फरक 1903 सालीच लिहून ठेवला आहे.

त्यानंतर मी संकर करून पाहिला. हे काम पुस्तकात एका ओळीत येते, हातांना मात्र फार दमवते. वाटाण्याचे फूल उमलण्याआधी कळीतच स्वतःचे परागण उरकून घेते. कळीला रंग दिसू लागला म्हणजे आपल्याला उशीर झाला. पाकळ्या निदलांच्या जेमतेम बाहेर डोकावत असतानाच होडीसारखी पाकळी सुईने उघडायची आणि आतले दहाही पुंकेसर चिमट्याने एकेक करून काढायचे, कुक्षीला धक्का न लावता. पहिल्या वर्षी मी अकरा कळ्या केल्या, त्यांतल्या नऊ गळून पडल्या. सुरकुतलेल्या वाणाच्या रोपाला मी आई केले होते आणि गोल वाणाचे पराग आणून लावले होते. राहिलेल्या दोन शेंगा झाडावरच वाळू दिल्या आणि सोलल्या. शेजारच्या फांदीवरच्या शेंगांत सगळे दाणे चुण्या पडलेले, आणि या दोन शेंगांत नऊ दाणे, नऊही गोल. एकतीस वर्षे जे शिकवले ते तळहातावर घेऊन मी प्रथमच पाहत होते.

आणि खरी गोष्ट तर यापुढे आहे. त्या नऊपैकी एका संकरित दाण्याचा काप मी भिंगाखाली ठेवला. बाहेरून तो गोल होता, पण आतले कण ना पूर्ण लंबगोल ना पूर्ण तडकलेले. गोलसर, मधूनमधून चिरा गेलेले, दोन्हींच्या मधले. सालीवरून पाहिले तर गोलपणा पूर्ण प्रभावी, आणि कणांवरून पाहिले तर कुणीच कुणाला दाबलेले नाही. हेही 1908 सालापासून माहीत आहे. प्रभावी असणे हा जनुकाच्या अंगचा जोर नाही, आपण कुठे बघतो त्यावर ते ठरते. हे एक वाक्य मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी सांगितले असते, तर माझे शिकवणे वेगळे झाले असते.

आता रंगांविषयी. शिक्षकांना हे लगेच पटेल. मेंडेलच्या सात लक्षणांच्या तक्त्यात मुले हमखास एका जागी चुकतात. दाण्यात पिवळा रंग प्रभावी आणि हिरवा अप्रभावी, शेंगेत नेमके उलटे. मी ‘पाठच करा’ असे सांगत आले. याचे कारण आता कळले आहे आणि ते पाठांतरापेक्षा कितीतरी सोपे आहे. दाणा पक्व होताना त्यातले हरितद्रव्य मोडले जाते आणि खालचा पिवळा उघडा पडतो. हिरव्या दाण्याच्या वाणात हरितद्रव्य मोडण्याची ती प्रक्रियाच सुरू होत नाही, म्हणून तो पिकला तरी हिरवाच राहतो. हे 2007 साली समजले. शेंगेत प्रश्न मोडण्याचा नसून बनवण्याचा आहे. पिवळ्या शेंगेच्या वाणात हरितद्रव्य तयार करणाऱ्या एका जनुकाच्या आधीचा डीएनएचा मोठा भाग गळालेला आहे. जनुक स्वतः शाबूत, पण शेंगेत त्याचे काम बिघडते. हे समजायला 2025 साल उजाडले. एकीकडे मोडणे थांबले म्हणून हिरवा, दुसरीकडे बनवणे अडले म्हणून पिवळा. कुठल्याही मुलाला हे एकदा सांगितले की तक्ता पुन्हा चुकणार नाही.

हिरव्या दाण्याचे ते जनुक वाटाण्यापुरते नाही. काही हरभऱ्यांची डाळ वाळल्यावरही हिरवी राहते, तिथे याच जनुकाच्या भावंडात बदल झालेला आहे. सोयाबीनमध्ये या जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही बिघडल्याशिवाय दाणा हिरवा राहत नाही. मठातल्या बागेत एका माणसाने फक्त रंग पाहून जी रेघ ओढली, ती दीडशे वर्षांनी शेंगावर्गातल्या दूरच्या नातेवाईकांपर्यंत जाऊन पोहोचली. आपल्या लेखात याला जागा मिळायला हवी होती.

बाकीच्या लक्षणांचे थोडक्यात. बुटक्या रोपात उंची वाढवणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार होण्याची शेवटची पायरी करणारे एन्झाईम एका अक्षराच्या बदलाने मंद झालेले असते. अशा रोपाच्या शेंड्यावर जिबरेलिक आम्लाचा थेंब ठेवला तर ते उंच वाढते, त्याच्या बियांतून मात्र पुन्हा बुटकीच रोपे येतात. पांढऱ्या फुलात रंग चालू करणारे जनुक एका अक्षराने चुकते. दाण्यांमध्ये आत ओढलेली शेंग म्हणजे आतला चामड्यासारखा कडक थर नसलेली शेंग, जी सालीसकट खाता येते. आणि शेंड्याला फुलांचा गुच्छ येणाऱ्या रोपात वाढीच्या टोकावरच्या पेशींचा एकमेकींशी संवाद बिघडलेला असतो. शेंगेचा रंग, शेंगेचा आकार आणि फुलांची जागा ही शेवटची तीन उत्तरे एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आली. चीनमधील शेनझेनच्या आणि नॉर्विचच्या शास्त्रज्ञांनी जवळपास 700 वाणांच्या डीएनएचे वाचन करून ती मिळवली.

एवढा उशीर का झाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. वाटाण्याचा जनुकसंच अवाढव्य आहे, सुमारे 445 कोटी अक्षरांचा, माणसापेक्षाही मोठा. त्यातला बहुतेक भाग त्याच त्या मजकुराच्या पुनरावृत्तीचा, त्यामुळे तुकडे जुळवणे जिकिरीचे. तो सुसंगत लावला गेला 2019 साली. हरभऱ्याचा त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा, आणि तो हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2013 मध्येच वाचून झाला होता. तुरीचा त्याच्याही आधी.

दुसरी हरकत लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाला आहे. ‘आता दुष्काळाचे जनुक, उत्पादनाचे जनुक लवकरच सापडेल’ असे आपल्या लेखकाने लिहिले आहे. हेतू चांगला आहे, पण शेतकरी वाचतो आणि वाट पाहतो. मेंडेलने सात लक्षणे निवडून घेतली होती, कारण त्यांत हे की ते असा स्वच्छ निवाडा होत होता. ज्यांत ‘थोडे कमी, थोडे जास्त’ असा फरक असतो ती लक्षणे आपण बाजूला ठेवली, असे तो स्वतःच सांगतो. त्याच निबंधात त्याने घेवड्याच्या दोन जातींचा संकर दिला आहे. तिथे फुलांत जांभळ्यापासून फिक्या छटांची रांगच लागली आणि 31 रोपांत पांढरे फूल एकाच रोपाला आले. त्याने ते लपवले नाही. इथे एकाच रंगामागे दोन किंवा अधिक घटक असावेत, असा अंदाज मांडला. दुष्काळ सोसणे, उत्पादन, मुळांची खोली ही सगळी या घेवड्याच्या रांगेतली लक्षणे आहेत. हरभऱ्याच्या चौथ्या गुणसूत्रावर दुष्काळाशी निगडित अनेक लक्षणे जिथे एकत्र सापडतात असा एक भाग मिळाला आहे आणि तो संकराने दुसऱ्या वाणांत नेलाही आहे. तो अनेक जनुकांचा पट्टा आहे. त्याला एक जनुक म्हणणे बरोबर नाही, आणि पाऊस, जमीन, पेरणीची वेळ यांचा हिशेब त्याने संपत नाही.

एक गोष्ट मात्र त्या 700 वाणांविषयी मला आवर्जून सांगायची आहे. मेंडेलच्या हाताखालून गेलेल्या बिया आज शिल्लक नाहीत. उत्तर मिळाले ते कुणीतरी दशकानुदशके जपलेल्या इतर बियांमधून. पिवळ्या शेंगेचा, गुच्छाच्या फुलांचा, बाजारात मागणी नसलेला प्रत्येक वाण दर काही वर्षांनी पेरायचा, त्याची शेंग निराळी ठेवायची, नाव लिहायचे, परत थंडाव्यात ठेवायचे. हे काम करणाऱ्यांचे छायाचित्र सहसा छापून येत नाही. या बियांना त्यांनी निकृष्ट मानून टाकून दिले असते, तर 2025 साली वाचायला काही उरलेच नसते. म्हणून शब्दांबद्दल माझा एवढा आग्रह आहे. ज्याला आपण दुर्बळ म्हणतो ते आपण जपत नाही.

आपणाकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. यापुढे अशा लेखांत ‘दुर्बळ’ आणि ‘सदोष’ हे शब्द वापरू नयेत. पाठ्यपुस्तकातला ‘अप्रभावी’ ठेवावा लागला, तर सोबत ‘म्हणजे संकरात न दिसणारे’ एवढे चार शब्द द्यावेत. मला विचाराल तर ‘सुप्त’ हा शब्द जास्त जवळचा आहे, कारण झोपलेले जागे होते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पुढे कधी पाठ्यपुस्तकांची फेररचना होईल तेव्हा तीनास एकच्या चौकोनाखाली सुरकुती कशाने पडते हेही यावे, अशी माझी फार इच्छा आहे. तोवर हे काम आपल्यासारख्या वृत्तपत्रालाच करता येईल.

पत्रासोबत तीन छायाचित्रे पाठवत आहे. मायक्रोस्कोपला फोन टेकवून काढलेली आहेत, त्यामुळे कडा थोड्या काळवंडल्या आहेत, पण कण स्पष्ट दिसतात. पहिले गोल दाण्याचे, दुसरे सुरकुतलेल्याचे, तिसरे मी केलेल्या संकरातल्या दाण्याचे. छापलीत तर तिन्ही एकाच आकारात शेजारी शेजारी छापावीत. तिसऱ्याखाली ‘गोल’ असे लिहू नये, फक्त ‘संकरित’ एवढेच लिहावे. आणि जागा असेल तर कंसात, त्या दाण्याचा उरलेला भाग अंकुरासह पेरला असून त्याला दुसरे पान आले आहे, असे लिहावे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका